नववीतल्या बुजऱ्या मुलाला कराटे लावावं का? दहावी तोंडावर आहे

ताई, तुम्ही लिहिलंय की मुलगा बुजरा आहे, कराटेनं फायदा होईल का, आणि घरातले म्हणतात मारामारी शिकून पोरगं बिघडेल, त्यात पुढच्या वर्षी दहावी. ते शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही. १९९७ साली आमच्या घरात हेच झालं होतं.

लावा. याच महिन्यात लावा.

मी ज्यूदो केला, म्हणजे समोरच्याला धरून पाडायचा जपानी खेळ, म्हणून त्याबद्दलच बोलतो. अण्णा, म्हणजे वडील, कापडाच्या मागावर कामाला, घर अशोक चौकाच्या मागं. पहाटे साडेपाचला सायकल काढायची. एका हॉलमध्ये मागाच्या चिंध्या भरून शिवलेल्या गाद्या, वर ताडपत्री. पहिले दोन महिने सरांनी फक्त पडायला शिकवलं. हनुवटी छातीला, हात गादीवर सपकन आपटायचा, डोकं टेकू द्यायचं नाही. आई म्हणायची, "पडायला फी भरतोयस होय रे?" पुढं दोनदा गाडी घसरली, तेव्हा डोकं वाचलं ते त्या दोन महिन्यांमुळं.

सहा महिन्यांत मी माझ्यापेक्षा थोराड पोरांना पाडायला लागलो आणि अंगात मस्ती आली. एका रविवारी आठवीतलं एक किरकोळ पोरगं माझ्याखाली सापडलं. त्यानं गादीवर दोनदा थापटलं. थापटलं की सोडायचं, तिथल्या तिथं, हा नियम. मी सोडलं नाही. दारात मित्र उभे होते, "दाब बे, दाब" चाललं होतं. आणखी चार-पाच सेकंद दाबून धरलं. सोडलं तेव्हा तो रडला नाही, नुसता श्वास घेत पडून राहिला.

सर ओरडले नाहीत. म्हणाले, "पंधरा दिवस तू याच्या हातून पडायचंस. फक्त पडायचंस."

पहिले तीन-चार दिवस तो मला धरायलाच घाबरत होता. मग मीच सांगायला लागलो, पाय अजून आत घाल, कमरेवर घे, आता ओढ. बाराव्या-तेराव्या दिवशी त्यानं मला असं स्वच्छ उचलून टाकलं की मीच "शाब्बास" ओरडलो. त्यानंतर सरांनी कानोंची गोष्ट सांगितली. जिगोरो कानो शाळेत किरकोळ, मोठ्या पोरांचा मार खायचे, म्हणून जुजुत्सू, म्हणजे झटापटीची जुनी जपानी विद्या, शिकले. त्यातले जिवावर बेतणारे डाव बाजूला काढून १८८२ साली टोकियोत त्यांनी ज्यूदो सुरू केला, तेव्हा ते २१ वर्षांचे होते. पुढं आयुष्यभर ते शिक्षकच राहिले. समोरचा आहे म्हणून आपण शिकतो, त्याला जपलंच पाहिजे, ही त्यांची शिकवण. चौदाव्या वर्षी मला ती कुणी पुस्तकातून सांगितली असती तर एका कानानं ऐकून दुसऱ्यानं सोडली असती.

मे महिन्यात मामा आले. "दाजी, दहावीचं वर्ष आहे. आणि मारामारी शिकलेलं पोरगं उद्या चौकात हात उचलणार." मेहुण्यापुढं अण्णांना नाही म्हणता आलं नाही. जूनपासून क्लास बंद. पाचला उठणारा मी साडेसातला उठायला लागलो, संध्याकाळ कट्ट्यावर जायला लागली. क्लासला जात होतो तोवर शाळेत माझं एकही भांडण नव्हतं. दहावीच्या वर्षी दोनदा हाणामारी झाली. मार्क नववीपेक्षा कमी पडले. मामा आजही म्हणतात, क्लासमुळं मार्क गेले. क्लास तर बंद होता! रग कुठंतरी जिरावी लागते, आणि हरायची सवय जिथं लागत होती ती जागाच काढून घेतली, म्हणून मी बिघडलो. मामांना हे मी तोंडावर कधी बोललो नाही.

कराटे की ज्यूदो? बुजऱ्या मुलाला मी ज्यूदो किंवा कुस्तीच सांगेन. तिथं समोरच्याला धरावंच लागतं, लांब उभं राहून चालत नाही. कराटे वाईट नाही, पण सगळं सरांवर आहे. दर दोन-तीन महिन्यांनी परीक्षा फी आणि नवा पट्टा, असं असेल तर तिथून निघा. वजनगटात बसवायला वाढत्या पोराला उपाशी ठेवतात, पाणी तोडतात, तिथूनही निघा. आपल्याकडच्या उन्हात तर हे फारच वाईट. शालेय स्पर्धांत वरपर्यंत गेला तर दहावीला बोर्डाचे क्रीडागुण मिळतात, पण त्यासाठी म्हणून पाठवू नका. आणि महिनाभरात धीट होईल अशी आशा धरू नका, मला सहा महिने लागले.

परीक्षेआधी महिनाभर सुट्टी घेतली तरी पुरे. नको म्हणणाऱ्यांना एकदा पहाटे क्लास बघायला घेऊन जा. आमचे मामा एकदाही आले नव्हते.