शिफ बेस कॉम्प्लेक्स, क्रिस्टल आणि पावडरचा घोळ: वाचकांच्या प्रश्नांना उत्तरं

या वेळी आलेल्या प्रश्नांत निम्म्यांना एकच गोष्ट विचारायची होती, पावडर एक्सआरडी (पावडरवर एक्स-रे टाकून घेतलेला पॅटर्न) झालंय, आता क्रिस्टल स्ट्रक्चर म्हणून लिहू का. म्हणून एकदाच सविस्तर लिहून टाकतो, बाकीचे प्रश्न जमतील तसे. नावं देत नाही, फक्त गाव देतो. नवख्यांसाठी: शिफ बेस म्हणजे अल्डिहाईड आणि अमाईन जोडून होणारा रेणू, त्यानं धातूला धरलं की कॉम्प्लेक्स.

कॉपर अ‍ॅसिटेट घातल्यावर हिरवा रंग आला. कॉम्प्लेक्स झालं म्हणायचं का? (कागल)

नाही. कॉपर अ‍ॅसिटेट स्वतःच निळसर हिरवं असतं, आधी आयआर (इन्फ्रारेड स्पेक्ट्रम) आणि इलेमेंटल अ‍ॅनालिसिस (कुठलं मूलद्रव्य किती टक्के ते) करा.

निकेल सॅलेनचा मॅग्नेटिक मोमेंट (चुंबकीय आघूर्ण) शून्याच्या आसपास येतोय. तो मोजायचा बॅलन्स बिघडलाय असं लॅबमधला सिनिअर म्हणतो. (जयसिंगपूर)

बॅलन्स बरोबर आहे, सिनिअरला पुस्तक उघडायला सांगा. सॅलेन म्हणजे दोन सॅलिसिलअल्डिहाईड आणि एक इथिलीनडायअमाईन, त्यातल्या दोन नायट्रोजन आणि दोन ऑक्सिजनच्या मध्ये निकेल सपाट बसतो, म्हणजे स्क्वेअर प्लेनर. आठ डी इलेक्ट्रॉन सगळे जोडीनं, एकटा कुणी नाही, मग मोमेंट कुठून येणार? रंगही केशरी-लाल असणार. उलट 3 बोर मॅग्नेटॉनच्या (मोमेंटचं एकक) आसपास आला असता तर काळजी करायची, म्हणजे निकेलला वरून-खालून पाणी नाहीतर सॉल्व्हंट चिकटलाय का, की मूळचं निकेलचं मीठच तसंच राहिलंय, ते बघावं लागलं असतं. आकडा वहीत लिहा, गाईडना दाखवा, पुढं चला.

आयआरमध्ये लिगँडचा (धातूला धरणाऱ्या रेणूचा) 1632 चा पीक कॉम्प्लेक्समध्ये 1610 वर आला आणि 3400 ला रुंद पट्टा आहे. ऑक्टाहेड्रल (धातूभोवती सहा जोड), दोन पाणी, असं लिहिलंय. चालेल? (इचलकरंजी)

पहिला अर्धा चालेल. पीक खाली सरकला म्हणजे अ‍ॅझोमेथीनचा (शिफ बेसमधल्या कार्बन-नायट्रोजन दुहेरी बंधाचा) नायट्रोजन धातूला जोडला गेलाय, इतकंच. ऑक्टाहेड्रल हे त्यावरून कुणी सांगू शकत नाही.

आणि ते पाणी. जुलै-ऑगस्टात कोल्हापूर भागात घेतलेल्या आयआरमध्ये सगळ्यांनाच धातूला जोडलेलं पाणी सापडतं, दिवाळीनंतर ते गायब होतं! केबीआर (पोटॅशियम ब्रोमाईड, ज्यात नमुना मिसळून आयआरसाठी पेलेट म्हणजे चकती दाबतात) हवेतला ओलावा ओढतं हो, बाटली उघडी ठेवून गप्पा मारत पेलेट दाबली की 3400 ला पट्टा येणारच. केबीआर ओव्हनमध्ये 110 अंशाला रात्रभर ठेवा, नुसत्या केबीआरचा स्पेक्ट्रम काढून शेजारी ठेवा आणि टीजीए (तापवत नेताना वजन किती घटतं ते मोजणं) करून घ्या. जाळीत नुसतं अडकलेलं पाणी बहुतेक वेळा लवकर निघतं, धातूला धरून बसलेलं साधारण 150 अंशाच्या पुढं. टीजीएचा ग्राफ वाचता येत नसेल तर मशीन सांभाळणाऱ्यांसोबत बसा, अंदाजानं वाचू नका.

एका एजन्सीला निकेल सॅलेनची पावडर पाठवली. रिपोर्ट आला: ऑर्थोऱ्हॉम्बिक, बीटा 98.4 अंश, व्हॉल्यूम 512 घन अँगस्ट्रॉम, पार्टिकल साईज 28 नॅनोमीटर. थिसिसमध्ये क्रिस्टल स्ट्रक्चर म्हणून टाकतोय. (गारगोटी)

थांबा. टाकू नका.

पहिली गोष्ट, ऑर्थोऱ्हॉम्बिक असेल तर सेलचे (क्रिस्टलमध्ये पुन्हा पुन्हा येणाऱ्या खोक्याचे) तिन्ही कोन 90. त्यातला एक कोन, बीटा, 98.4 असेल तर ते ऑर्थोऱ्हॉम्बिक नाही, मोनोक्लिनिक असू शकेल. एकाच ओळीत दोन्ही छापलंय म्हणजे रिपोर्ट बनवणाऱ्यानं सॉफ्टवेअरचा आकडा उचलून चिकटवलाय आणि वाचलाही नाही.

दुसरी, सेलचा व्हॉल्यूम. हायड्रोजन सोडून दर अणूला साधारण 18 घन अँगस्ट्रॉम जागा धरतात. तुमच्या रेणूत 16 कार्बन, 2 नायट्रोजन, 2 ऑक्सिजन, 1 निकेल, म्हणजे 21 अणू, म्हणजे साधारण 378. मग 512 मध्ये किती रेणू बसले? दीडसुद्धा नाही. सेलमध्ये दीड रेणू कसा बसवणार? हा हिशोब कागदाच्या कोपऱ्यावर दोन मिनिटांत होतो, पण एजन्सीवाला करत नाही, कारण त्याला पैसे पानांचे मिळतात.

आता मूळ दुखणं. पावडरच्या दहा-पंधरा पीकची यादी इंडेक्सिंगच्या (पीकवरून सेल शोधायच्या) सॉफ्टवेअरला दिली की ते कुठला ना कुठला सेल काढूनच देतं, लो सिमेट्रीचा मोठा सेल घेतला की जवळपास काहीही बसतं. आणि सेल बरोबर निघाला तरी ते स्ट्रक्चर नव्हे, सातबारावर प्लॉटचं क्षेत्रफळ बघून घरात खोल्या किती हे सांगण्यासारखं आहे ते. अणू कुठं बसलेत, निकेल-नायट्रोजन अंतर किती, शेजारच्या रेणूशी काय नातं, यातलं काही त्यात नाही. पावडरवरून स्ट्रक्चर सोडवता येतं, आणि सोडवलेलं डेटाशी जुळवून सुधारायची रिटव्हेल्डची पद्धत 1969 पासून आहे, पण त्याला उत्तम डेटा आणि त्यात मुरलेला माणूस लागतो. शेररच्या सूत्रातून (पीकच्या रुंदीवरून) निघतो तो क्रिस्टलाईटचा, म्हणजे दाण्याच्या आतल्या एकसंध क्रिस्टल तुकड्याचा आकार, पार्टिकलचा नव्हे, त्यामुळं 28 आला म्हणून नॅनो कॉम्प्लेक्स असं शीर्षक देऊ नका. एजन्सीकडून मूळ डेटा फाईल मागून घ्या (पैसे दिलेत, हक्क आहे) आणि विद्यापीठात किंवा बाहेर जो कुणी रोज क्रिस्टलोग्राफी करतो त्याला दाखवा. निकेल सॅलेनचं सिंगल क्रिस्टल (एकाच अखंड क्रिस्टलवरून काढलेलं) स्ट्रक्चर केंब्रिजच्या क्रिस्टल स्ट्रक्चर डेटाबेसमध्ये आधीच आहे, त्यातून पावडर पॅटर्न काढून तुमच्याशी ताडून बघा. पावडर एक्सआरडीचा खरा उपयोग हाच.

क्रिस्टल येतच नाहीत, नुसती पावडर बसते. (राधानगरी)

घाई. बीकर पंख्याखाली ठेवून रोज हलवून बघत असाल तर पावडरच मिळणार. द्रावण गरम असताना गाळा, स्वच्छ बारीक बाटलीत घ्या, झाकणाला सुईनं दोन भोकं पाडा आणि विसरा. नाहीच जमलं तर डीएमएफमध्ये (डायमिथाईलफॉर्ममाईड, एक सॉल्व्हंट) विरघळवून बाटली डायएथिल ईथरच्या बंद भांड्यात ठेवा, पण एप्रिलमध्ये नको, ईथर 35 अंशाच्या आतच उकळतं आणि आपल्याकडं खोलीच तितकी तापते. एका बाजूला 0.1 ते 0.3 मिलिमीटरचा, स्वच्छ कडांचा दाणा पुरे. तो आला की गाळून वाळवत बसू नका, आतला सॉल्व्हंट उडून जातो आणि डोळ्यांदेखत पांढुरका होतो. मूळ द्रावणातच ठेवून डिफ्रॅक्टोमीटरवाल्यांना (क्रिस्टलचं एक्स-रे यंत्र चालवणाऱ्यांना) फोन करा.

व्हॅनेडियमच्या शिफ बेस कॉम्प्लेक्सनं शुगर कमी होते असं व्हॉट्सअ‍ॅपवर आलंय. वडिलांसाठी मिळेल का? (कोल्हापूर)

मिळणार नाही आणि मागूही नका. उंदरांवर प्रयोग झालेत हे खरं, पण मधुमेहासाठी मान्य औषध असं त्यातलं एकही नाही, आणि व्हॅनेडियम विषारी ठरू शकतं. वडिलांना डॉक्टरांकडं न्या.

परक्लोरेटचं मीठ वापरून कॉम्प्लेक्स केलंय. ओव्हनमध्ये वाळवू? (सांगली)

अजिबात नाही. ऑरगॅनिक लिगँडसोबतची परक्लोरेट स्फोट होऊन फुटू शकतात, स्पॅच्युलानं खरवडूही नका. आजच गाईडना सांगा.

पुढच्या आठवड्यात सबमिशन आहे. सिंगल क्रिस्टल डेटा होईल का? (कोल्हापूर)

नाही. आयआर, मॅग्नेटिक, टीजीए जे हाताशी आहे तेवढं लिहा, चित्राखाली प्रस्तावित स्ट्रक्चर असं स्पष्ट टाका आणि मुदतवाढीचं उद्या सकाळीच गाईडशी बोला, शेवटच्या दिवशी नको.