सीझनच्या मध्यावर ऑफेन्स सगळ्यांना पाठ झाला, तर कोच काय करू शकतो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नोकरीनिमित्त कोलंबसला नवे आलात, ऑफिसात दर सोमवारी तिथल्या ओहायो स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाच्या ऑफेन्सचा, म्हणजे बॉल घेऊन चढाई करणाऱ्या फळीचा, उद्धार चालतो, 'आम्हाला घरी सोफ्यावर बसून पुढचा प्ले (म्हणजे ठरवलेली चाल) कळतो' असं सगळे म्हणतात. मग कोचला हे दिसत नाही का, आणि अर्धा सीझन उलटल्यावर काही दुरुस्त करता येतं का?

येतं. पण तुमच्या ऑफिसातली मंडळी सुचवत असतील त्या मार्गाने सहसा नाही.

मी कोल्हापूरचा. फुटबॉल म्हणजे शाहू स्टेडियमवर पाटाकडील विरुद्ध दिलबहार, एवढंच माहीत. ओहायोतल्याच एका छोट्या विद्यापीठात एमएस करताना तासावर पैसे देणारं काम शोधत होतो, तेव्हा तिथल्या फुटबॉल संघाच्या व्हिडिओ विभागात जागा निघाली. 'फुटबॉल कळतो का?' असं विचारल्यावर मी छातीठोकपणे हो म्हणालो. बॉल अंडाकृती निघाला. पण मला एक्सेल येत होतं आणि त्यांना माणूस त्यासाठीच हवा होता. दोन सीझन मी प्रत्येक प्लेची नोंद केली: कितवा डाउन (दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांपैकी कितवा), किती यार्ड हवेत, बॉल मैदानाच्या कुठल्या बाजूला, कोण कुठे उभा, आणि शेवटी रन (बॉल घेऊन धावणं) की पास (बॉल पुढे फेकणं).

दुसऱ्या सीझनला आमचाही ऑफेन्स असाच अडकला. हेड कोच म्हणायचे, 'आपण निम्मे रन, निम्मे पास खेळतो, मग ओळखतील कसे?' बेरीज बरोबर होती. पण टाइट एंड (पुढच्या रांगेच्या टोकाचा, धडकही देणारा आणि पासही झेलणारा खेळाडू) डावीकडे हात टेकवून वाकला की जवळजवळ दर वेळी रन, तोही त्याच्याच बाजूने. तोच उभ्याने बाहेर सरकला की पास. सामना संपल्यावर हिशेब समसमान दिसायचा, पण त्या-त्या क्षणी पत्ते उघडे असायचे.

एका मंगळवारी दुपारी मी आमचंच फिल्म लावलं आणि प्रत्येक प्ले स्नॅपच्या, म्हणजे बॉल मागे देऊन खेळ सुरू होण्याच्या, आधी थांबवत गेलो. कोचना म्हटलं, तुम्ही समोरच्या संघाचे आहात असं समजा आणि सांगा. रन. रन. पास. रन. दहापैकी नऊ बरोबर आले. दहावा चुकला कारण आमच्याच क्वार्टरबॅकने (बॉल हाती घेऊन पास टाकतो तो) प्ले चुकीचा ऐकला होता. खोलीत कोणी हसलं नाही. मग लाइनचे, म्हणजे पुढच्या धडकणाऱ्या रांगेचे, कोच उठून स्क्रीनजवळ गेले आणि त्या रांगेतल्या उजव्या गार्डच्या हातावर बोट ठेवलं. रन असेल तेव्हा त्या मुलाचा सगळा भार पुढे, बोटांची पेरं पांढरी पडलेली. पास असेल तेव्हा तो मागे बसलेला, बोटं गवताला नुसती टेकलेली. बिचाऱ्याला पत्ताच नव्हता. समोरच्या डिफेन्सला मात्र महिनाभर तरी असणार.

आता कोच प्लेबुकच (सगळ्या प्लेंचा संच) का बदलत नाही, ते सांगतो. वेळ नसतो. मोठ्या कॉलेज संघांना सीझनमध्ये आठवड्याला जास्तीत जास्त २० तास सरावाची परवानगी आहे, दिवसाला ४ तास, एक दिवस पूर्ण सुट्टी. एनसीएए या कॉलेज खेळांच्या नियामक संस्थेचा नियम आहे तो, आणि मीटिंग, व्यायाम, फिल्म सगळं त्यातच धरतात. खऱ्या अर्थाने घासून सराव होतो तो मंगळवारी आणि बुधवारी. एका नव्या प्लेत ११ जणांनी आपापलं काम डोकं न चालवता करायचं असतं. दोन दिवसांत दहा नवे प्ले घातले तर शनिवारी समोरचा संघ गोंधळत नाही, आपलाच गोंधळतो. नवा खेळाडूही मधेच आणता येत नाही.

म्हणून जे करतात ते असं. जो प्ले सगळ्यांना पाठ झालाय तो फेकायचा नाही. त्याला एक जुळा भाऊ द्यायचा. तसंच उभं राहायचं, तशीच पहिली दोन पावलं टाकायची आणि तिसऱ्या पावलाला भलतंच करायचं. आम्ही त्या डावीकडच्या रनला एकच पास जोडला. टाइट एंड नेहमीसारखा समोरच्याला धडक द्यायला जातो, क्षणभर चिकटतो आणि सुटून मागच्या मोकळ्या जागेत निघतो. रनिंग बॅक, म्हणजे एरवी बॉल घेऊन धावणारा, रिकामे हात पोटाशी धरून लाइनमध्ये घुसतो. गार्डला आठवडाभर एकच काम दिलं: प्रत्येक प्लेला हात सारखाच टेकव. बस.

शनिवारी चार वेळा जुनाच रन खेळला आणि पाचव्यांदा हा पास. त्यांचा सेफ्टी, म्हणजे बचावातला सगळ्यांत मागचा माणूस, पहिल्या चार वेळांप्रमाणे सुसाट पुढे आला, मधेच थबकला आणि मान वळवून मागे बघितलं. आमचा टाइट एंड वीस यार्डांत एकटा होता. बॉल त्याच्या छातीवर आपटून खाली पडला.

तरी फरक पडलाच. त्या दिवशी उरलेला सामना तो सेफ्टी दोन पावलं मागे उभा राहिला आणि तोच जुना, सगळ्यांना माहीत असलेला रन दोनऐवजी पाच यार्ड द्यायला लागला.

आता ओहायो स्टेटकडे येतो, कारण या विषयावर २०२४ च्या त्यांच्या सीझनइतकं उत्तम उदाहरण मला माहीत नाही. ३० नोव्हेंबरला मिशिगनविरुद्ध स्वतःच्या मैदानावर १३-१० ने हरले. मिशिगन तेव्हा ६ विजय, ५ पराभव असा संघ होता आणि ओहायो स्टेट देशात दुसऱ्या क्रमांकावर. मिशिगनचा सगळा दम बचावाच्या पुढच्या फळीच्या मध्यभागी, मेसन ग्रॅहम आणि केनेथ ग्रँट या दोन धिप्पाड पोरांत. आणि ओहायो स्टेट पुन्हा पुन्हा रन घेऊन त्यांच्याच अंगावर गेलं. बाहेरच्या बाजूला जेरेमाया स्मिथ आणि एमेका एग्बुका यांच्यासारखे पास झेलणारे असताना! रनवर सगळे मिळून ७७ यार्ड. त्यात स्वतःच्या लाइनचा डावा टॅकल ऑक्टोबरपासून आणि सेंटर नोव्हेंबरपासून जायबंदी. म्हणजे दोष नुसत्या ओळखीचा नव्हता. जिथे आपण कमकुवत आणि समोरचा सर्वांत बळकट, तिथेच ते हट्टाने डोकं आपटत होते.

पुढचा सामना तीन आठवड्यांनी, प्लेऑफच्या (विजेता ठरवणाऱ्या बाद सामन्यांच्या) पहिल्या फेरीत टेनेसीशी. क्वार्टरबॅक विल हॉवर्डच, प्ले सांगणारे चिप केलीच, हेड कोच रायन डेच. पहिल्याच ताब्यात हॉवर्डने स्मिथला ३७ यार्डांचा टचडाउन (गोलरेषेपलीकडे नेऊन गुण देणारा) पास टाकला, पहिल्या क्वार्टरअखेर २१-०, शेवटी ४२-१७. मग पुढच्या फेरीत, रोझ बोलमध्ये ऑरेगॉनला ४१-२१. तिथे तर तिसऱ्याच प्लेला स्मिथ ४५ यार्ड धावून मोकळा झाला. आणि गंमत बघा, डिफेन्स असा मागे ओढला गेल्यावर त्याच सामन्यात ट्रेव्हियॉन हेंडरसनने ६६ यार्डांचा रन मारला. मिशिगनविरुद्ध जो रन मरत होता, तोच. उपांत्य फेरीत टेक्सासविरुद्ध मध्यंतराच्या जरा आधी साध्या स्क्रीन पासवर (धावून येणाऱ्यांना चुकवून जवळच टाकलेला छोटा पास) हेंडरसन ७५ यार्ड गेला, कारण टेक्सासचे लोक क्वार्टरबॅकच्या अंगावर धावून आले होते. २० जानेवारी २०२५ ला नोत्र दामला ३४-२३ ने हरवून ते विजेते झाले. त्या सामन्यातही शेवटी तिसरा डाउन आणि ११ यार्ड बाकी असताना, घड्याळ संपवायला रन येणार असं वाटत होतं तेव्हा, स्मिथला ५६ यार्डांचा पास गेला.

नवं काय आणलं त्यांनी? फारसं काही नाही. क्रम बदलला. पास आधी, रन नंतर.

कोऑर्डिनेटरला, म्हणजे ऑफेन्सच्या प्रमुख कोचला, काढा, ही ऑफिसातली दुसरी मागणी असेलच. पेन स्टेटने नोव्हेंबर २०२३ मध्ये मिशिगनकडून हरल्याबरोबर तेच केलं. पुढच्या दोन सामन्यांत २७ आणि ४२ गुण केले, सगळे खूश. पण ते रटगर्स आणि मिशिगन स्टेट होते. मिसिसिपीशी सीझनअखेरच्या पीच बोल सामन्यात गाठ पडली तेव्हा हरलेच. आयोवाची कथा तर आपल्याकडच्या राजकारणात शोभेल अशी: हेड कोच कर्क फेरेन्ट्झ, ऑफेन्सचा प्रमुख त्यांचाच मुलगा ब्रायन, आणि २०२३ च्या करारात लिहिलेलं की सामन्यामागे सरासरी २५ गुण झाले पाहिजेत. १५ च्या आसपासच झाले. ऑक्टोबरअखेर विद्यापीठाने जाहीर केलं की हा सीझन त्याचा शेवटचा. तरी डिफेन्सच्या जिवावर १० सामने जिंकलेच!

आणि एक गोष्ट ऑफिसात सांगून बघा: ओळखता येणं हा दर वेळी दोष नसतो. आर्मीचा, म्हणजे अमेरिकन लष्करी अकादमीचा, संघ वर्षानुवर्षं ऑप्शन नावाचा एकच खेळ खेळतो. स्टेडियममधल्या चहावाल्याला (इथे तो नाचो विकतो) ठाऊक असतं काय येणार ते. २०२४ मध्ये याच खेळावर त्यांनी १२ सामने जिंकले, आपल्या कॉन्फरन्सचं (संघांच्या गटाचं) विजेतेपद घेतलं. कारण बॉल कोणाकडे जाणार हे स्नॅपच्या आधी ठरलेलंच नसतं. क्वार्टरबॅक समोरच्या एका माणसाकडे बघतो, तो आत आला तर बॉल बाहेर, तो बाहेर थांबला तर बॉल आत. अडकलेल्या संघाला असे दोन-तीन प्ले आपल्या आहे त्याच रनला जोडता येतात, आणि ते दोन दिवसांत शिकवूनही होतात.

तेव्हा पुढच्या शनिवारी सामना बघाल तर बॉलकडे बघू नका. समोरच्या संघाचा सेफ्टी शोधा, सगळ्यांत मागे उभा असतो तो. पहिल्या क्वार्टरला तो लाइनपासून किती यार्डांवर आहे ते लक्षात ठेवा आणि तिसऱ्या क्वार्टरला पुन्हा बघा. मागे सरकला असेल तर गुणफलक काहीही सांगो, दुरुस्ती लागू पडतेय. पुढेच आला असेल तर सोमवारी ऑफिसात तुम्हीही बोटं मोडायला हरकत नाही.