एजन्सी गेल्यावर साइट कोण चालवणार?

नागपुरात संशोधन संस्थांची वानवा नाही. पर्यावरणाची नीरी आहे, कापसाची केंद्रीय संस्था आहे, अमरावती रोडवर लिंबूवर्गीय फळांची आणि मृदा सर्वेक्षणाचीही आहे. अशा मोठ्या ठिकाणी साइट बघायला वेगळी माणसं असतात. ‘केंद्राची साइट नव्याने करायची, सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?’ यावर प्रश्न मागवले, तेव्हा बहुतेक पत्रं आली ती दोन खोल्या, एक ग्रंथपाल आणि अर्धवेळ कारकून एवढ्यावर चालणाऱ्या केंद्रांकडून. त्यातली काही घेतो.

प्रश्न : आमच्याकडे ११ संशोधक, ९ प्रकल्प आणि दोनशेच्या आसपास शोधनिबंध आहेत. एक एजन्सी म्हणते वर्डप्रेस, ४५ हजारांत करून देतो. दुसरी म्हणते ड्रुपल, ३ लाख लागतील. एवढा फरक कशाचा? (समन्वयक, धरमपेठ)

सॉफ्टवेअरचा नाही. वर्डप्रेस आणि ड्रुपल ही साइट बनवायची-चालवायची सॉफ्टवेअर, दोन्ही फुकटच आहेत. वर्डप्रेस २००३ पासून आहे, ड्रुपल त्याहून दोन वर्षांनी थोरलं. फरक आहे तो कामाचा, आणि ते काम कोणत्या एजन्सीने किती समजून घेतलं याचा. तुमच्या पत्रावरून वाटतं की पहिलीने काहीच समजून घेतलेलं नाही आणि दुसरीने जरा जास्तच.

आधी एक कागद घ्या. त्यावर ‘माणूस’, ‘प्रकल्प’ आणि ‘निबंध’ असे तीन चौकोन काढा आणि कोण कुणाला जोडलंय त्या रेघा ओढा. मग स्वतःला विचारा : एखादा संशोधक उद्या दुसरीकडे गेला, तर त्याचं नाव किती पानांवर जाऊन बदलावं लागेल? मी पाहिलेल्या एका साइटवर उत्तर १४ होतं. तिथे सोडून गेलेले एक गृहस्थ चार वर्षं तीन प्रकल्पांचे प्रमुख म्हणून नांदत होते, कारण कारकुनाने ‘आमचे सदस्य’ हे एकच पान बदललं होतं. बिचाऱ्याची चूक नाही. माणसाची माहिती एकाच जागी साठवून बाकी पानांनी ती तिथून उचलायची, अशी मांडणीच केलेली नव्हती.

ही मांडणी ड्रुपलच्या हाडामांसात आहे. प्रत्येक प्रकारच्या नोंदीला हवे ते रकाने द्या, एका नोंदीतून दुसरीकडे बोट दाखवा, त्यावरून याद्या आपोआप तयार होतात. मराठी-इंग्रजी अशी दोन भाषांची सोयही गाभ्यातच आहे. वर्डप्रेसमध्येही २०१० पासून स्वतःचे नोंदप्रकार करता येतात, पण नोंदींची आपसातली नाती आणि दुसरी भाषा यांसाठी प्लगिन, म्हणजे वरून जोडायची छोटी सॉफ्टवेअर लागतात. थोडक्यात, दोन्हींत होतं. वर्डप्रेसमध्ये ते मुद्दाम करून घ्यावं लागतं, आणि ४५ हजारांत ते कुणी करत नाही. त्या पैशांत तयार थीम, म्हणजे साइटच्या दिसण्याचा साचा येतो आणि त्यात तुमचे दोनशे निबंध एकाच लांबलचक पानावर येतात.

आता तुमच्यापुरतं सांगतो. तुमच्याकडे संगणकाची जाण असलेलं कुणीच कायम नाही असं तुम्हीच लिहिलंय. ड्रुपल अद्ययावत ठेवायला कंपोझर हे साधन चालवता येणारा माणूस लागतो. वर्डप्रेसचे छोटे अपडेट आपोआप होतात, मोठे आपोआप किंवा बटणावर. शिवाय वर्डप्रेस येणारी पोरं धंतोलीपासून हिंगण्यापर्यंत सापडतात, ड्रुपलवाला शोधावा लागतो. म्हणून वर्डप्रेसच घ्या, पण तीन अटी लिहून घेऊन. माणूस, प्रकल्प, निबंध हे वेगळे नोंदप्रकार हवेत. पानं ओढून-सोडून रचायचं एलिमेंटरसारखं साधन नको, कारण ते काढलं की मजकुराची सगळी रचना विस्कटते. आणि प्रत्येक प्लगिन कशासाठी घातलाय याची यादी मराठीत हवी. वीसच्या वर प्लगिन दिसले तर विचारा, काऊन म्हणून.

दुसऱ्या वर्षापासून देखभालीचे किती घेणार, हेही दोघांना आजच विचारा. खरं कोटेशन तेच.

प्रश्न : आमची साइट ड्रुपल ७ मध्ये आहे. ‘अपग्रेड’ करायला एजन्सीने जवळपास नव्या साइटइतकेच पैसे सांगितले. ही लूट नाही का? (एक विभागप्रमुख, अंबाझरी)

नाही. मलाही हे पचायला वेळ लागला होता. ड्रुपल ७ जानेवारी २०११ मध्ये आलं. त्याचा अधिकृत आधार आधी २०२१ मध्ये संपणार होता, मग तारीख पुढे-पुढे ढकलत अखेर ५ जानेवारी २०२५ला संपला. मधल्या काळात, २०१५ मध्ये, ड्रुपल ८ आलं ते आतून पार बदलून. त्यामुळे सातवरून पुढे जाताना नोंदी हलवता येतात, त्यासाठी साधन गाभ्यातच आहे. पण थीम नव्याने लिहावी लागते आणि तुमच्यासाठी खास लिहिलेला कोडही. घर तेच राहत नाही, फक्त सामान हलवता येतं.

थांबून राहणं मात्र महागात पडेल. मार्च २०१८ मध्ये ड्रुपलच्या गाभ्यात असं भगदाड सापडलं होतं की लॉगिनसुद्धा न करता बाहेरचा माणूस साइट ताब्यात घेऊ शकत होता. तेव्हा सातसाठी दुरुस्ती त्याच दिवशी मिळाली. उद्या तसं काही निघालं तर सातसाठी फुकट दुरुस्ती येणार नाही.

पैसे खरंच नसतील तर बॅकड्रॉप बघा. ड्रुपल ७ पासूनच फुटून निघालेली ही शाखा २०१५ पासून आहे आणि सातवरून तिच्यात जायचा रस्ता बराच सोपा आहे. समुदाय लहान आहे, हे धरून चला.

काहीही निवडा, जुन्या पत्त्यांची यादी आधी काढून ठेवा. तुमच्या अहवालांचे दुवे लोकांच्या निबंधांच्या संदर्भसूचीत छापले गेले आहेत, ते आता कुणी बदलू शकत नाही. प्रत्येक जुन्या पत्त्यावरून नव्यावर ‘३०१’ प्रकारची कायमची वळती लावायचं काम करारात हवंच. एजन्सीला हे काम मुळीच आवडत नाही.

प्रश्न : शेतकऱ्यांसाठीची आमची मराठी पत्रकं कृतिदेवमध्ये टाइप केलेली आहेत. नव्या साइटवर चिकटवली की खिचडी दिसते. कोणतं सॉफ्टवेअर घेतलं तर नीट दिसतील? (प्रकल्प सहायक, वर्धा रोड)

कोणतंच नाही. कृतिदेव हा जुना मराठी फॉन्ट फक्त मुखवटा आहे. आतमध्ये इंग्रजी अक्षरं आणि चिन्हंच असतात, वर मराठीचं चित्र चढवलेलं. ते युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या संगणकांना कळणाऱ्या प्रमाण अक्षरसंचात बदलायलाच हवं. त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात, पण त्यांच्यावर डोळे मिटून विश्वास टाकू नका. कृतिदेवमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये उलटं. जोडाक्षर आलं की कन्व्हर्टर तिथेच अडखळतो. ‘स्थिती’ आणि ‘आर्द्रता’ हे दोन शब्द तपासा, लगेच कळेल.

खरी गंमत आपल्या ‘ऱ्या’ची. ‘शेतकऱ्यांसाठी’मधला हा ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन प्रकारे लिहिता येतो : एक खाली नुक्ता म्हणजे टिंब असलेल्या ‘ऱ’पासून, दुसरा साध्या ‘र’ला हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखे दिसतात, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द. मग वाचक ‘शेतकऱ्यांसाठी’ शोधतो आणि साइट म्हणते, काही सापडलं नाही. वरून लोक म्हणतात सर्चच बेकार आहे! सगळा मजकूर चढवायच्या आधी शोधा-बदला करून एकच पद्धत ठेवा, नुक्त्याची.

प्रश्न : ग्रंथपाल म्हणून माझा हट्ट आहे की १६० अहवालांसाठी डीस्पेस हवं. संचालक म्हणतात साइटवरच पीडीएफ टाका. (अमरावती रोड)

मॅडम, तुमचा हट्ट तत्त्वाने बरोबर आहे. डीस्पेस हे अहवाल-प्रबंध साठवायचं सॉफ्टवेअर २००२ मध्ये एमआयटी आणि ह्यूलेट-पॅकार्डने मिळून केलं, आपलं शोधगंगा हे प्रबंधांचं भांडार त्याच्यावरच चालतं. पण शोधगंगेमागे यूजीसीचं इन्फ्लिबनेट केंद्र उभं आहे. नवं डीस्पेस म्हणजे जावा, पोस्टग्रेस, सोलर अशी वेगवेगळी सॉफ्टवेअर आणि वर अँग्युलरचा वेगळा दर्शनी भाग. हे सगळं रात्री बंद पडलं तर फोन तुम्हालाच येणार.

१६० अहवालांसाठी मी झेनोडो वापरेन. सर्न या युरोपातल्या अणुसंशोधन संस्थेची ही अहवाल ठेवायची सेवा २०१३ पासून आहे, फुकट आहे, प्रत्येक नोंदीला डीओआय, म्हणजे कायमचा ओळखक्रमांक देते. अहवाल तिथे ठेवा आणि तुमच्या साइटवर प्रत्येक अहवालाचं स्वतंत्र पान करून सारांश आणि डीओआय द्या. साइटवरही पीडीएफ ठेवली तर ती ५ एमबीच्या आत असू द्या, त्याहून मोठी फाइल गूगल स्कॉलर धरत नाही. आणि स्कॅन केलेले जुने अहवाल ओसीआर करून घ्या, म्हणजे चित्रातली अक्षरं मजकुरात बदलून घ्या; त्यासाठीच्या टेसरॅक्ट सॉफ्टवेअरला मराठी येतं. नुसत्या फोटोंची पीडीएफ शोधात सहसा सापडत नाही.

प्रश्न : सर्व्हर आमच्याच खोलीत ठेवला तर भाडं वाचेल?

मे महिन्यातल्या नागपुरात, शनिवार-रविवार एसी बंद असलेल्या खोलीत? नाही.

प्रश्न : अनुदान सरकारी आहे. एजन्सी म्हणते त्यांचं सॉफ्टवेअर ‘जीआयजीडब्ल्यू प्रमाणित’ आहे.

जीआयजीडब्ल्यू म्हणजे सरकारी साइटसाठीच्या मार्गदर्शक सूचना. त्यांचं प्रमाणपत्र साइटला मिळतं, सॉफ्टवेअरला नाही. ते एसटीक्यूसी ही सरकारी तपासणी यंत्रणा देते. या सूचनांची तिसरी आवृत्ती २०२३ची आहे. तिच्यात दृष्टिहीनांना मजकूर वाचून दाखवणाऱ्या स्क्रीनरीडरवर साइट वाचता यावी इथपासून सुरक्षेपर्यंत सगळं येतं. चित्रांना पर्यायी मजकूर तुमच्याच कारकुनाला लिहावा लागणार आहे, तो सॉफ्टवेअरवर सोडून चालत नाही.

प्रश्न : साइट नवी करायला घेतली आणि कळलं की डोमेन जुन्या एजन्सीवाल्याच्या नावावर आहे. तो फोन उचलत नाही. (सचिव, एक न्यास)

हे पत्र पहिलं छापायला हवं होतं. डोमेन (साइटचा पत्ता) कुठल्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे नोंदणी करणाऱ्या कंपनीकडे आहे ते हूइज या जाहीर नोंदीत दिसतं. त्यांना संस्थेच्या लेटरहेडवर लिहा, जुन्या पावत्या आणि नोंदणीचं प्रमाणपत्र जोडा. नूतनीकरणाची तारीखही हूइजमध्येच दिसेल. ती महिन्याभरात येत असेल तर वकिलाकडून नोटीस आजच पाठवा. आणि तुमचं केंद्र पात्र असेल तर समांतरपणे ‘डॉट आरईएस डॉट इन’ या संशोधन संस्थांसाठीच्या पत्त्यासाठी अर्नेट या सरकारी संस्थेकडे अर्ज करा. हा पत्ता संस्थेच्या कागदपत्रांवरच मिळतो. अर्जात संपर्काचा ईमेल पदाचा द्या, माणसाचा नको.