दहशतवादाच्या खटल्यांत सरकारी वकील व्हायचं असेल तर सुरुवात कुठून करावी?

तुम्ही लिहिलंय की एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहात, राष्ट्रीय सुरक्षेच्या खटल्यांत सरकारच्या बाजूने उभं राहायची इच्छा आहे, आणि त्यासाठी कोणती परीक्षा द्यावी, कोणता डिप्लोमा करावा हे कळत नाही. अशा खटल्यांत मी आधी ज्युनिअर म्हणून आणि पुढे सरकारतर्फे काम केलं आहे, त्या आधारावर सांगतो.

पदवी हातात पडली की थेट या कामात नेऊन बसवेल अशी परीक्षा नाही. २६/११ नंतर, २००८ च्या डिसेंबरमध्ये एनआयएचा (राष्ट्रीय तपास यंत्रणेचा) कायदा झाला. त्याच्या कलम १५ प्रमाणे एनआयएच्या खटल्यात सरकारी वकील म्हणून नेमणूक व्हायची तर किमान ७ वर्षं वकिली झालेली हवी, किंवा कायद्याचं विशेष ज्ञान लागतं अशा सरकारी पदावर तेवढी वर्षं गेलेली हवीत. तेव्हा खरा प्रश्न ही ७ वर्षं कुठे घालवायची हा आहे. माझं उत्तर ठाम आहे: फौजदारी कोर्टात. एमपीएससीतर्फे सहायक सरकारी वकिलांची भरती होते, सीबीआयसाठी यूपीएससीतर्फे होते. त्यात निवड झाली तर उत्तम. नाही झाली तर सत्र न्यायालयात सतत खटले चालवणाऱ्या वकिलाकडे ज्युनिअरशिप करा, आणि तो बचाव पक्षाचा असला तरी बिचकू नका. तपासातली भोकं कुठे असतात हे आरोपीच्या बाजूने कागद वाचताना जितकं कळतं तितकं सरकारी बाजूला बसून कळत नाही. डिप्लोमा केलात तर नुकसान नाही, पण त्याच्या जोरावर कोणी तुम्हाला खटला देणार नाही.

मी फौजदारी कोर्टावर इतका भर देतो, कारण देशाच्या सुरक्षेचा खटला शेवटी पंचनामा, मुद्देमाल आणि साक्षीदार यांवरच उभा राहतो किंवा पडतो. कसाबच्या खटल्यात २०१० साली त्याला फाशीची शिक्षा झाली, ते सगळ्यांना आठवतं. त्याच निकालात दोन भारतीय आरोपी निर्दोष सुटले, हे फार कमी जणांना आठवतं. त्यांच्याविरुद्धचा मोठा पुरावा म्हणजे मारल्या गेलेल्या अतिरेक्याच्या खिशात सापडला असं सांगितलेला हाताने काढलेला नकाशा. कपडे रक्ताने माखलेले आणि नकाशावर रक्ताचा डाग नाही, हे न्यायालयाला पटलं नाही. त्यांची सुटका पुढे उच्च आणि सर्वोच्च न्यायालयातही कायम राहिली. २००६ च्या मुंबई लोकल बॉम्बस्फोटांच्या खटल्यात तर विशेष न्यायालयाने २०१५ मध्ये १२ जणांना दोषी ठरवलं आणि जुलै २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने सर्वांची शिक्षा रद्द केली. जप्त केलेला माल नीट सीलबंद करून ठेवला होता का, ओळख परेड घेणाऱ्याला तसा अधिकार होता का, कबुलीजबाब स्वेच्छेने दिले होते का, असे अगदी साधे प्रश्न त्यात निर्णायक ठरले. राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेलं आहे. पण ज्यांची माणसं त्या डब्यांमध्ये गेली त्यांनी १९ वर्षांनी हा निकाल ऐकला. मला हे फार लागतं. चुकीचा माणूस आत गेला किंवा खरा माणूस सुटला, दोन्हीची सुरुवात बहुतेक वेळा एखाद्या कागदावर दुर्लक्ष करण्यापासून झालेली असते.

म्हणून या कामातली सर्वांत अवघड गोष्ट भाषण नाही, आपल्याच तपास अधिकाऱ्याला वेळेवर ‘नाही’ म्हणणं आहे. यूएपीए, म्हणजे दहशतवादाच्या खटल्यांत लागणारा बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायदा, याच्याखाली तपासाला ९० दिवसांवरून १८० दिवसांपर्यंत मुदत वाढवून मिळू शकते, पण ती पोलिसांच्या अर्जावर नाही, सरकारी वकिलाच्या अहवालावर. तपास कुठवर आला आणि आरोपीला आणखी कोठडीत ठेवण्याची नेमकी कारणं काय, हे वकिलाने स्वतः मांडायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९४ मध्ये हितेंद्र विष्णू ठाकूर यांच्या प्रकरणात, टाडा या जुन्या दहशतवादविरोधी कायद्याच्या संदर्भात, स्पष्ट सांगितलं की सरकारी वकील हा तपास यंत्रणेचा भाग नाही, तो नुसता कागद पुढे ढकलणारा पोस्टमन नाही. व्यवहारात काय होतं? मुदत संपायला एक-दोन दिवस उरलेले असताना तयार टाइप केलेला मसुदा तुमच्या टेबलावर येतो आणि ‘साहेब, फक्त सही हवी’ असं म्हटलं जातं. तेव्हा केस डायरी (पोलिसांची तपासाची रोजची नोंद) मागवून पूर्ण वाचायची. कारण नसेल तर तसं सांगायचं. संबंध थोडे ताणले जातात, पण चांगले अधिकारी पुढच्या वेळी आठ दिवस आधी येतात.

मंजुरीचंही तसंच. यूएपीएचा खटला सरकारच्या मंजुरीशिवाय चालत नाही. त्यासाठी स्वतंत्र प्राधिकरणाने ७ कामकाजाच्या दिवसांत शिफारस करायची आणि पुढच्या ७ कामकाजाच्या दिवसांत सरकारने निर्णय घ्यायचा, असा नियम आहे, आणि २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या मुदती बंधनकारक ठरवल्या. त्याच वर्षी अटकेची कारणं आरोपीला लेखी द्यायलाच हवीत, असंही या कायद्याच्या संदर्भात ठरलं. मोबाइल, हार्ड डिस्क, चॅट यांच्या पुराव्यासाठी आता नव्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खालचं प्रमाणपत्र लागतं, त्यात हॅश व्हॅल्यूही (फाइलचा डिजिटल ठसा, फाइल बदलली की तोही बदलतो) येते. जप्तीच्या वेळची हॅश व्हॅल्यू आणि प्रयोगशाळेतली हॅश व्हॅल्यू जुळते का, हे दोषारोपपत्र दाखल होण्याआधी कोणीतरी बसून बघावं लागतं. ते बघणारा माणूस तुम्ही असणार आहात.

जामिनाबद्दल मनाची तयारी ठेवा. यूएपीएच्या कलम ४३ड(५) मुळे आरोप सकृतदर्शनी खरे वाटले की जामीन मिळत नाही. सरकारी वकिलाच्या हातात ही फार मोठी ताकद आहे. पण २०२१ च्या के. ए. नजीब प्रकरणात आरोपी पाच वर्षांहून जास्त काळ कच्चा कैदी होता आणि २७६ साक्षीदार तपासायचे बाकी होते. खटला लवकर संपण्याची शक्यता नसेल तर हे कलम घटनात्मक न्यायालयांना जामीन देण्यापासून अडवू शकत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं. मला तर वाटतं की जामिनाला विरोध करणाऱ्या सरकारी वकिलावर खटला पुढे रेटण्याची दुप्पट जबाबदारी येते. एनआयए कायद्यात खटला दररोज चालवावा असं लिहिलेलं आहे. शंभर जादा साक्षीदार यादीत घालून तो दररोज चालत नाही. कोणते साक्षीदार खरोखर लागतात हे ठरवून बाकीचे वगळण्याचं धैर्य वकिलानेच दाखवायचं असतं.

गोपनीय माहितीचा भाग लोकांना रोमांचक वाटतो, पण प्रत्यक्षात तो डोकेदुखीचा आहे. गुप्तचर अहवाल हा पुरावा नसतो, त्यातून पुरावा शोधावा लागतो. ‘राष्ट्रीय सुरक्षा’ एवढं म्हणून फक्त न्यायाधीशांनी बघायचा बंद लिफाफा पुढे केला की काम झालं, हे दिवसही गेले. मीडियावन या मल्याळम वृत्तवाहिनीच्या प्रकरणात एप्रिल २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की असा दावा हवेत करता येत नाही, त्याला आधार दाखवावा लागतो.

तुम्ही धोक्याबद्दलही विचारलं होतं. काही खटल्यांत पोलिस संरक्षण मिळतं, ते घरच्यांना जाचतं. धमक्यांपेक्षा साक्षीदार फुटण्याची काळजी मला जास्त वाटत आली आहे. एनआयए कायद्याच्या कलम १७ खाली साक्षीदाराची ओळख लपवता येते, बंद दाराआड साक्ष घेता येते. तो अर्ज वेळेत करायचा असतो.

खटल्यांपेक्षा गणवेशातली नोकरी आवडत असेल तर लष्कराची जॅग (जज अ‍ॅडव्होकेट जनरल) ही कायदा शाखा आहे: एलएलबीला ५५ टक्के, वय २१ ते २७, प्रशिक्षण लष्कराच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत. तिथे कोर्ट मार्शल आणि लष्करी कायद्याचं काम असतं, त्याची सरमिसळ वर सांगितलेल्या कामाशी करू नका.

या सुट्टीत एक करा. जवळच्या सत्र न्यायालयात बोर्ड (त्या दिवशीच्या खटल्यांची यादी) बघा आणि जिथे पंचाची किंवा तपास अधिकाऱ्याची उलटतपासणी चालू असेल तिथे मागच्या बाकावर दिवसभर बसा. संध्याकाळी स्वतः लिहून काढा की बचावाच्या वकिलाने कोणता कागद दाखवून साक्षीदाराला अडवलं, आणि तो कागद तपासाच्या कोणत्या दिवशी सुधारता आला असता.