गोष्टीच्या पुस्तकांवर घरची शाळा चालेल का?

प्रश्न : माझी मुलगी पावणेपाच वर्षांची आहे. ज्युनियर केजीत रोज दोन पानं एबीसीडी गिरवून आणायला सांगतात. ती वही बघूनच रडायला लागते. घरी मात्र चित्रांच्या गोष्टीच्या पुस्तकांत रमते, तेच पुस्तक पुन्हा पुन्हा वाचायला लावते. अमेरिकेत एकच चित्रपुस्तक पाच दिवस वाचून त्यावरच मुलांना घरी शिकवतात, असं कळलं. मी पतसंस्थेत लेखापाल आहे. नोकरी सोडून तिला असं शिकवावं असं फार वाटतं. मिस्टरांचं मेडिकल आहे, त्यांची हरकत नाही. सासूबाई म्हणतात, पोरीचं वर्ष वाया जाईल. हे जमेल का? पुढे शाळा घेईल का, दहावीचं काय? आणि यातून माझंही काही करिअर होईल का?
– एक आई, संगमनेर

उत्तर : ताई, राजीनामा लिहून ठेवला असेल तर तो सध्या कपाटातच राहू द्या. नोकरीचं शेवटी बोलू. आधी लेकीचं.

तुम्ही म्हणता ती पद्धत ‘फाइव्ह इन अ रो’. जेन क्लेअर लॅम्बर्ट यांनी १९९४ मध्ये ती पुस्तकरूपात आणली. चांगलं चित्रपुस्तक निवडायचं आणि सोमवार ते शुक्रवार तेच मोठ्याने वाचायचं. वाचून झालं की सोमवारी गोष्टीतलं गाव-देश आणि माणसं, मंगळवारी भाषा, बुधवारी चित्रकला, गुरुवारी गणित, शुक्रवारी विज्ञान. गोष्ट घडते त्या जागी नकाशावर एक छोटी गोल चकती लावायची. मुलं या चकत्यांवर फार खूश असतात. मला ही पद्धत आवडते, कारण तुमच्या लेकीला जे हवंय तेच ती करते : तेच पुस्तक पुन्हा. या वयाच्या मुलांना पुनरावृत्तीचा कंटाळा येत नाही, तो आपल्याला येतो.

आणि सासूबाईंना सांगा, हे खूळ काही अमेरिकेतून आलेलं नाही. भावनगरला गिजुभाई बधेकांनी १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं, त्यात गोष्टींना मानाचं स्थान होतं. त्यांच्याबरोबर काम केलेल्या ताराबाई मोडकांनी पुढे बालशिक्षण बोर्डी-कोसबाडच्या आदिवासी पाड्यांपर्यंत नेलं.

आठवडा कसा दिसेल ते सांगते. परदेशी पुस्तक मागवायची गरज नाही. चिऊ-काऊची गोष्ट घ्या, तिची सचित्र पुस्तकं बाजारात हवी तेवढी आहेत. पहिल्या दिवशी नुसती वाचा. एकही प्रश्न विचारू नका. ‘सांग बरं, काऊचं घर कशाचं होतं?’ हे सुरू झालं की पोर ओळखतं, ही शाळाच आहे. वाचून झाल्यावर ती आपणहून काय बोलते ते ऐका. मग संध्याकाळी पाय मोकळे करायला निघालात की घरं बघत जा : पत्र्याचं, कौलारू, सिमेंटचं, सारवलेल्या अंगणाचं.

मंगळवारी भाषा. काऊ म्हणतो, ‘चिऊताई, चिऊताई, दार उघड’, आणि चिऊचं उत्तर, थांब, बाळाला अंघोळ घालते, थांब, बाळाला टीट लावते. हे क्रमाने आठवून सांगणं म्हणजेच पुढे जिला आपण निबंधाची मांडणी म्हणतो तिची सुरुवात. सासूबाईंना त्यांच्या लहानपणीची गोष्ट सांगायला बसवा, त्यांची वेगळी निघेल. कुठे चिऊ शेवटी काऊला गरम तव्यावर बसवते, कुठे घरात घेते. कोणता शेवट बरा, यावर पाच वर्षांची मुलगी अर्धा तास भांडू शकते. भांडू द्या.

बुधवारी चित्रं. पाऊस दाखवायला चित्रकाराने रेघा तिरप्या का मारल्या असतील? तिलाही मारून बघू दे. एबीसीडीच्या दोन पानांनी जे होत नाही ते, बोटांना वळण लागण्याचं काम, इथे हसतखेळत होतं. गुरुवारी काऊने दार किती वेळा वाजवलं ते चिंचोके मांडून मोजा.

आणि शुक्रवारचा खेळ चुकवू नका. दोन वाट्यांत पाणी घ्या. एकीत मेणबत्तीचा तुकडा टाका, दुसरीत गोवरीचा. आधी तिला विचारा, काय होईल? गोवरी फुगते, मऊ पडते, ढवळलं की पाणी गढूळ होतं. मेण तरंगत राहतं, जसंच्या तसं. म्हणजे चिऊचं घर भारी! मग दुसरा मेणाचा तुकडा स्टीलच्या चमच्यात घेऊन तुम्ही स्वतः दिव्यावर धरा आणि विचारा, उन्हाळ्यात चिऊचं काय झालं असतं? गोष्टीत जो प्रश्न कुणी विचारत नाही तो तिथे उभा राहतो. शिवाय खऱ्या चिमणीचं घरटं ना मेणाचं ना शेणाचं, ते गवत-काड्या-पिसांचं. एवढं झालं तर आठवडा सोन्याचा गेला म्हणा.

आता जे या पद्धतीचे चाहते हळू आवाजात सांगतात ते. गोष्टीच्या पुस्तकातून भाषा, परिसर, चित्र, विज्ञान उत्तम उभं राहतं. अक्षरं वाचता येणं आणि गणित मात्र त्यातून आपोआप येत नाही. तिकडेही पालक या दोन गोष्टींना वेगळा अभ्यास जोडतात. आपणही जोडायचा, रोज पंधरा-पंधरा मिनिटं. बाराखडीची घोकंपट्टी नको, अक्षरांचे छोटे गट घ्या, आणि ते गोष्टीतूनच उचला. ‘दार उघड’ एवढ्यात द, र, उ, घ, ड आणि काना आहे. त्यातून घर निघतं, दर निघतं, घार निघते. कार्डं करून फरशीवर पसरा आणि तिला शब्द जुळवू द्या. गणिताचं तसं नाही. तिथे एकावर एक पायऱ्या असतात : वस्तू मोजणं, दहाचा गठ्ठा, मग बेरीज. ती चढण कोणत्याच गोष्टीत क्रमाने सापडत नाही. त्यामुळे बालभारतीचं पहिलीचं गणित आणून ठेवा, पण घाई करू नका. चिंचोके, काड्या, बाजारातले सुटे पैसे पुरतात.

पुस्तकं कमी घ्या, पण नीट निवडा. चित्र ज्यात मजकुरापेक्षा काही जास्त सांगतं ते चांगलं पुस्तक, हा माझा एवढाच निकष. पुण्याचं ज्योत्स्ना प्रकाशन बघा, माधुरी पुरंदरे यांची पुस्तकं आधी बघा. तूलिका आणि नॅशनल बुक ट्रस्टचीही मराठीत आहेत. प्रथम बुक्सच्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठी गोष्टी फुकट वाचता येतात आणि छापूनही घेता येतात, पण मोबाइलवर दाखवू नका, कागद हातात द्या. पान उलटायची सत्ता तिच्याकडे हवी.

शाळेचं आणि कायद्याचं. शिक्षणहक्क कायदा २००९ चा आहे आणि तो ६ ते १४ वयाला लागू होतो, त्यामुळे सहा पूर्ण होईपर्यंत हा प्रश्नच येत नाही. पहिलीला वय सहाचं लागतं, म्हणजे तुमच्या हातात अजून सव्वा वर्ष आहे. वर्ष वाया जायला अजून सुरूच झालेलं नाही, हे सासूबाईंना शांतपणे सांगा. सहानंतरही घरीच शिकवायचं ठरवलंत तर स्वच्छ सांगते : त्या कायद्यात घरच्या शाळेची तरतूद नाही. कलम १० मध्ये मुलाला शाळेत घालणं हे पालकांचं कर्तव्य म्हटलंय, पण ते न केल्यास शिक्षा सांगितलेली नाही. तिला उशिरा शाळेत घालावंसं वाटलं तर कलम ४ नुसार वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो. हा हक्क आहे, मुख्याध्यापकांची मेहरबानी नाही. परीक्षाच हव्यात तर एनआयओएस ही राष्ट्रीय मुक्त शाळा तिसरी, पाचवी, आठवीच्या पातळीच्या परीक्षा घेते आणि दहावीला वयाची १४ वर्षं पूर्ण असली की बसता येतं. आपल्या राज्याचंही मुक्त विद्यालय मंडळ आहे.

माझं मत विचाराल तर पहिलीला तिला जवळच्या मराठी शाळेत घाला. अभ्यासासाठी नाही, सवंगड्यांसाठी. चिऊची भूमिका आई करते तेव्हा काऊला दार उघडावं की नाही यावर वाद होत नाही, बरोबरीच्या पोरीशी होतो. गोष्टीचा आठवडा संध्याकाळी चालूच राहील.

आणि त्यासाठी नोकरी सोडावी लागत नाही, ताई. वर सांगितलेलं सगळं मिळून रोज तास-सव्वा तासाचं काम आहे. तुम्ही पतसंस्थेतून आल्यावर किंवा सकाळी डब्याआधी ते बसतं. खरा प्रश्न उरलेल्या सात-आठ तासांत पोरीला कोण बघणार हा आहे, आणि त्याचं उत्तर पद्धतीत नाही, घरात आहे : सासूबाईंची तब्येत, मिस्टरांची दुपारची दुकान बंद ठेवायची वेळ, शेजारची एखादी गिरवायला न लावणारी बालवाडी. आताची केजी मात्र बदला, त्यात दुमत नाही.

करिअरचं एवढंच : एका मुलीला आनंदाने शिकवता येणं म्हणजे पंधरा मुलांचा वर्ग चालवता येणं नव्हे. आवड टिकली तर नोकरी सांभाळून बालशिक्षणाचा एखादा पदविका अभ्यासक्रम करा. दर रविवारी गल्लीतल्या चार-सहा मुलांना गोळा करून एक पुस्तक वाचा, फी न घेता. वर्षभर ती मुलं टिकली आणि त्यांच्या आया तुम्हाला विचारत आल्या, तर त्या राजीनाम्याचा विचार आकडेमोडीसह करता येईल. लेखापाल आहात, ती तुम्हाला माझ्यापेक्षा बरी जमेल.