बीएमएसवर फ्रेश एअर डॅम्पर १० टक्के दिसतो, तरी मे महिन्यात एसी पुरत नाही. डॅम्परच बिघडलाय हे कसं ओळखायचं?

जळगावातल्या चार मजली व्यापारी इमारतीचं तुम्ही लिहिलंय: दुपारी थंडावा पुरत नाही, बीएमएसच्या, म्हणजे इमारतीच्या यंत्रणा सांभाळणाऱ्या संगणकाच्या, पडद्यावर मात्र डॅम्पर (बाहेरची हवा आत घेणारी पात्यांची झडप) १० टक्क्यांवर निवांत. त्या आकड्यावर विसंबू नका. बहुतेक ठिकाणी तो कंट्रोलरने सोडलेला हुकूम असतो. फीडबॅकची तार जोडलेली असली, तरी ती मोटर किती फिरली एवढंच सांगते. पाती फिरली का, हे हवेच्या तापमानावरूनच कळतं, आणि ते तपासायला खान्देशातला मे महिना म्हणजे पर्वणी. बाहेर ४२ अंश, आत २६. एवढी तफावत असली की चोरी लपत नाही.

तीन तापमानं घ्या: रिटर्न हवा (खोल्यांतून परत येणारी), बाहेरची हवा आणि दोन्ही मिसळल्यानंतरची हवा. मिसळलेल्या हवेतून रिटर्न वजा करा, बाहेरच्यातून रिटर्न वजा करा, पहिल्याला दुसऱ्याने भागा. मिसळलेली ३०.८ आली तर ४.८ भागिले १६, म्हणजे ३० टक्के हवा बाहेरची. १०,००० सीएफएमच्या (मिनिटाला तेवढे घनफूट हवा फिरवणाऱ्या) एएचयूत, म्हणजे हवा गार करून पाठवणाऱ्या यंत्रात, ही जादाची २० टक्के हवा नुसत्या तापमानापोटी एसीच्या पाच टनांच्या वर भार टाकते. तुमची हवा गार करणारी कॉइल तिथेच हरत असेल.

मोजमाप नीट हवं. मिक्सिंग बॉक्समध्ये गरम आणि गार हवेचे थर वेगवेगळे वाहतात, म्हणून एकाच सेन्सरचा आकडा फसवतो. फिल्टरच्या तोंडाशी सहा ते नऊ ठिकाणी प्रोब धरून सरासरी काढा. बाहेरचं तापमान लूव्हरपाशीच, म्हणजे बाहेरची हवा जिथून आत शिरते त्या पट्ट्यांच्या चौकटीपाशीच, घ्या. गच्चीवर उन्हात तापलेला सेन्सर कामाचा नाही.

तरीही ३० टक्के आले म्हणून लगेच निकाल देऊ नका. डॅम्पर १० टक्के उघडला की हवा १० टक्केच येते असं नसतं, थोडी जास्तही येते. खरी परीक्षा दोन टोकांना. हुकूम शून्य करा, १० ते १५ मिनिटं थांबा. मिसळलेली हवा २६ च्या आसपास यायला हवी. २६.८ म्हणजे ५ टक्के गळती, चालवून घेता येईल, २८.४ म्हणजे १५ टक्के, पात्यांचं सील गेलंय किंवा एखादं पातं अर्धवट अडकलंय. मग १०० टक्के हुकूम द्या, पण इमारत रिकामी असताना आणि थोडाच वेळ. तापमान बाहेरच्याजवळ न जाता ३६ वरच अडलं, तर फ्रेश एअर पूर्ण उघडत नाही किंवा रिटर्न डॅम्पर बंद होत नाही. दोन्ही टोकांना काहीच हललं नाही, तर पाती जागची हललीच नाहीत.

आता यंत्राकडे. सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो मोटरला पात्यांच्या शाफ्टशी जोडणारा, पण सुटलेला क्लॅम्प: मोटर फिरते, शाफ्ट तसाच. क्लॅम्प आणि शाफ्टच्या टोकावर मिळून मार्करने एक रेघ ओढा आणि हुकूम बदला. रेघ तुटली की दोष सापडला. शाफ्टच्या टोकाला खाच असेल तर ती सहसा पात्याला समांतर असते, तिच्यावरून पात्याची दिशा कळते. दोन-तीन भागांचा डॅम्पर असेल तर प्रत्येक भागाचं लिंकेज बघा, एकाच भागाची कांडी निखळलेली असू शकते. मग फॅन आणि अ‍ॅक्चुएटरची (डॅम्पर फिरवणाऱ्या मोटरची) वीज बंद करून, क्लचचं बटण दाबून शाफ्ट हाताने फिरवा. जड गेला तर बुशात धूळ बसलीय. तिथे ग्रीस थापू नका, धूळ आणखी चिकटते. साफ करून कोरडं सिलिकॉन मारा.

हे सगळं ठीक निघालं तर मल्टिमीटर काढा. अ‍ॅक्चुएटर २ ते १० व्होल्टचा आणि कंट्रोलर ० ते १० वर लावलेला, हा घोळ नेहमीचा. तेव्हा २० टक्के हुकमापर्यंत डॅम्पर बंदच राहतो, आणि तक्रार गरमीची नाही तर कोंदटपणाची येते. तुमच्याकडे उलटं असेल: दिशेचा स्विच उलटा बसला की १० टक्के म्हणजे ९० टक्के उघडा. याला एक स्क्रू-ड्रायव्हर पुरतो.

लूव्हरमागची जाळीही बघा. धुळीने, आणि जिनिंगजवळ असाल तर कापसाच्या तंतूंनी ती बुजली की उघडा डॅम्परही बंद भासतो. आणि एखाद्या खोलीतली हवाच अचानक थांबली, तर तो आगीच्या वेळी हवेची वाट बंद करणारा फायर डॅम्पर असू शकतो. त्याचं फ्यूजिबल लिंक (उष्णतेने वितळणारा धातूचा दुवा) तुटलं असेल तर तेवढ्याच रेटिंगचं नवं बसवा. तारेने बांधून ठेवणं हा गुन्हाच समजा.

पावसाळ्यात ही पद्धत चालत नाही. बाहेर २७, आत २५ असताना सेन्सरची अर्ध्या अंशाची चूकही उत्तर बिघडवते. निदान ६ अंशांची तफावत हवी. पावसाळ्यात तोच भागाकार कार्बन डायऑक्साइडवर करा, मात्र लोक आत असताना: रिटर्न ९००, मिसळलेली ७५६, बाहेर ४२० पीपीएम, म्हणजे रिटर्नमधून वजा करून १४४ भागिले ४८०, पुन्हा ३० टक्केच.

दुरुस्तीनंतर शून्य आणि १०० ची चाचणी परत घ्या, आणि दोन्ही वेळची तीन-तीन तापमानं, असे सहाही आकडे लॉगबुकात तारखेसह लिहून ठेवा. पुढच्या मेमध्ये ताडून बघता येतील.