कॅम्परच्या टाकीचा वास: औषध नंतर, आधी पाणी

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ट्रॅव्हलर व्हॅनवर बांधून घेतलेला कॅम्पर, म्हणजे आत संडास आणि सिंक असलेली राहती गाडी, तारकर्लीहून कांदिवलीला परत येईपर्यंत आत बसवेना इतका वास, टाकी रिकामी केली तरी पॅनलवर ‘फुल’ दिवा, आणि आता कुठलं केमिकल घालायचं. सोबत तुम्ही दोन गोष्टी लिहिल्या आहेत: फ्लशला पाणी अगदी जपून वापरता, आणि मुक्कामी पोचलात की संडासाच्या टाकीचा व्हॉल्व्ह पाइप जोडून उघडाच ठेवता. माझ्या मते दुखणं या दोनच सवयींत आहे. त्या बदलल्याशिवाय कितीही महागडं औषध घातलंत तरी फरक पडणार नाही.

मैला पाण्यात बुडालेला असेल तर तो मऊ होतो, सुटा होतो, आणि व्हॉल्व्ह उघडला की पाण्याच्या जोरावर एका दमात बाहेर पडतो. व्हॉल्व्ह उघडा राहिला तर पाणी तेवढं निघून जातं आणि घट्ट भाग सीटच्या बरोबर खाली साचत जातो. एप्रिल-मेच्या उन्हात गाडी उभी असताना ही टाकी चांगलीच तापते, तो ढीग सुकून तळाला चिकटतो. वास त्या उघड्या पडलेल्या ढिगाचा आहे. म्हणून ब्लॅक टँकचा, म्हणजे संडासाच्या टाकीचा, व्हॉल्व्ह कायम बंद ठेवा, टाकी साधारण दोन तृतीयांश भरल्यावरच उघडा. आणि रिकामी केल्याबरोबर १० ते १५ लिटर स्वच्छ पाणी आत सोडा, तळ पाण्याखाली गेला पाहिजे. कोरड्या टाकीत संडास वापरायचाच नाही.

आपल्याकडे जेट स्प्रेची सवय आहे, हा मोठा फायदा आहे. टिश्यू कमी जातो, पाणी जास्त जातं. टाकी लवकर भरते ही तक्रार खरी, पण लवकर भरलेली पातळ टाकी महिनाभर साचलेल्या घट्ट टाकीपेक्षा कितीतरी बरी. टिश्यू वापरतच असाल तर एक तुकडा पाण्याच्या बाटलीत टाकून जोरात हलवा. तो विरघळून लगदा झाला तर चालेल, तुकडा तसाच राहिला तर कचऱ्याच्या पिशवीत. वेट वाइप्स आणि सॅनिटरी पॅड मात्र कधीही नाही, पाकिटावर काहीही छापलेलं असो.

आता साचलेल्या ढिगाचं काय करायचं? व्हॉल्व्ह बंद करून टाकी जवळपास भरा. पाणी कोमट चालेल, उकळतं नको, प्लास्टिकची टाकी आणि सांधे वाकतात. त्यात जिवाणू किंवा एन्झाइमवालं टँक औषध घाला आणि दोन-तीन दिवस तसंच भिजू द्या. मग रिकामी करा, पुन्हा पाव टाकी पाणी घ्या आणि गाडी वळणाच्या रस्त्याने फिरवून आणा. आतलं पाणी हिंदकळतं आणि भिंती धुतल्या जातात. घाटात भरलेली टाकी मात्र नको. १ लिटर पाणी म्हणजे १ किलो, १०० लिटरची टाकी काठोकाठ भरून आंबा घाट चढणं हे चेसिसवर आणि ब्रेकवर नाहक ओझं आहे. बर्फ टाकून गाडी पळवायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच, त्यावर वेळ घालवू नका. भिजवणं हेच खरं काम करतं. एका फेरीत सगळं निघालं नाही तर तीच कृती पुन्हा करा.

‘फुल’ दिव्याचं कारणही हेच. टाकीच्या भिंतीत धातूची छोटी टोकं असतात, ती पाण्यात बुडली की वीज वाहते आणि दिवा लागतो. त्यांच्यावर टिश्यू किंवा तेलकट थर बसला की टाकी रिकामी असली तरी दिवा लागलेलाच राहतो. भिजवून, टाकी धुण्याची फवाऱ्याची काठी सीटमधून आत घालून धुतलंत की बहुतेक वेळा सुटतो. नाही सुटला तर दिव्यावर विसंबू नका, टॉर्च घेऊन सीटमधून पाहा. पाइपला व्हॉल्व्हपाशी पारदर्शक जोड लावून घ्या. धुताना बाहेर पडणारं पाणी गढूळ आहे की स्वच्छ ते त्यातून दिसतं, आणि स्वच्छ दिसेपर्यंत धुणं थांबवायचं नाही.

औषधाबद्दल. जिवाणूंचं औषध घेतलंत तर त्याच टाकीत फिनाइल, ब्लीच, ॲसिडचा टॉयलेट क्लीनर जाता कामा नये, जिवाणू मरतात आणि रबराचे सील कडक होतात. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू तयार होतो, बंद गाडीत हा खेळ जिवावरचा आहे. फॉर्मल्डिहाइड असलेली निळी द्रव्यं वास दाबतात, पण ती ज्या सेप्टिक टँकमध्ये जातील तिथलेही जिवाणू मारतात. कोकणात ज्यांच्या घरी किंवा रिसॉर्टवर तुम्ही टाकी रिकामी करणार, त्यांचा सेप्टिक टँक बिघडवून पुढे निघून जायचं, हे बरं नव्हे.

व्हॉल्व्ह जड चालत असेल तर सिलिकॉन ग्रीस लावा. पेट्रोलियम जेलीने रबर फुगतं. सीटखालच्या झाकणाचं रबर दर हंगामात तपासा, बाउलमध्ये पाणी टिकत नसेल तर वास तिथूनच वर येतोय. आणखी एक गोष्ट फार कमी लोकांच्या लक्षात येते: छतावरचा एक्झॉस्ट पंखा चालू असताना फ्लश केलंत तर पंखा टाकीतली हवा गाडीत ओढून घेतो. फ्लशच्या आधी पंखा बंद करा. टाकीतली हवा बाहेर सोडणारा छतावरचा व्हेंट पाइप पानांनी किंवा घरट्याने बुजलेला नाही ना तेही बघा, आणि त्यावर डासांची जाळी बांधा.

सिंकच्या टाकीला, म्हणजे ग्रे टँकला, लोक निरुपद्रवी समजतात. मासळी धुतलेलं पाणी, तेलकट कढई, भाताची पेज हे सगळं तिथे कुजतं, आणि उन्हाळ्यात तो वास संडासाच्या वासावर मात करतो. कढई आधी कागदाने पुसून घ्या, सिंकला बारीक जाळी लावा, खवले आत जाऊ देऊ नका. गाडी बरेच दिवस उभी राहिली की सिंकखालच्या वाकड्या पाइपातलं पाणी सुकतं आणि वास मोकळा वर येतो, एक तांब्या पाणी ओतलंत की बंद. रिकामं करताना आधी ब्लॅक, मग ग्रे, म्हणजे साबणाच्या पाण्याने पाइपही धुऊन निघतो.

आता रिकामं कुठे करायचं, आणि याबद्दल मला सगळ्यात जास्त बोलायचं आहे. २०२१ साली राज्याने कॅरव्हॅन पर्यटन धोरण आणलं, तरी मुंबईहून कोकणात उतरताना टाकी रिकामी करण्याची सोय हमखास मिळेल असं धरून चालू नका. म्हणून काही जण रात्री रस्त्याकडेच्या जाळीवर पाइप सोडतात. कृपा करून हे करू नका. मुंबईत पावसाच्या पाण्याची गटारं आणि मलनिःसारण वाहिन्या वेगळ्या आहेत. मलनिःसारण वाहिनीतलं सांडपाणी प्रक्रियेसाठी जातं. रस्त्याकडेच्या जाळीत ओतलेलं प्रक्रियेविना नाल्यात, मिठी, ओशिवरा, पोईसर किंवा दहिसर नदीत आणि तिथून खाडीत जातं. पोईसर तर तुमच्या कांदिवलीतूनच वाहते.

सोसायटीच्या कमिटीला विचारा, इमारतीचा कोणता चेंबर मलवाहिनीला जोडलेला आहे ते प्लंबरकडून खात्री करून घ्या, आणि तिथेच रिकामं करा. मोठी भरती आणि मुसळधार पाऊस एकत्र असेल त्या दिवशी नको, चेंबरच तुंबून वर येतो. प्रवासात रिसॉर्टच्या मॅनेजरला आधी विचारा, टाकी किती लिटरची आणि औषध कुठलं ते सांगा. चेंबर लांब असेल तर १२ व्होल्टचा मॅसरेटर पंप बसवून घ्या, तो मैला दळून बारीक पाइपातून ढकलतो. सुटी कॅसेट, म्हणजे संडासाखालून काढून नेता येणारी छोटी टाकी, असलेल्यांचं सोपं आहे, सुलभ शौचालयात विचारून ओतता येते.

चेंबरचं झाकण उघडताना वाकून आत बघू नका, हायड्रोजन सल्फाइड बेशुद्ध करतो. सिगारेट, काडेपेटी लांब. आणि वॉचमनला किंवा सफाई कामगाराला पैसे देऊन आत उतरवू नका, हाताने काढायला लावू नका. सेप्टिक टँकमध्ये माणसं मरतात. २०१३ च्या कायद्याने हे काम करून घेणं गुन्हा आहे. चेंबर तुंबला असेल तर यंत्राची गाडी बोलवा, त्यासाठी १४४२० ही राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. स्वतः काम करताना रबरी हातमोजे आणि गमबूट घाला. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस) होतो, पायाला जखम असेल तर त्या दिवशी राहू द्या.

धुण्याचा पाइप आणि पिण्याच्या पाण्याचा पाइप वेगवेगळ्या रंगांचे घ्या आणि वेगवेगळ्या खोक्यांत ठेवा. नळाला जोडलेल्या पाइपाचं टोक टाकीत बुडवून ठेवू नका, नळाचा दाब गेला की घाण पाणी उलटं सोसायटीच्या लाइनमध्ये ओढलं जातं.

जूनपासून गाडी उभी करणार असाल तर दोन्ही टाक्या धुऊन पूर्ण रिकाम्या करा, फक्त बाउलमध्ये थोडं पाणी ठेवा म्हणजे सील सुकणार नाही, आणि पंधरा दिवसांनी ते बदला. आधी भिजवण्याची कृती करून बघा. त्यानंतरही वास राहिला तर टाकी किती लिटरची, व्हॉल्व्ह किती इंची आणि व्हेंट पाइप छतावर कुठे निघतो, एवढं कळवा.